जुनी गाडी, घरची वीज

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेल्या माणसानं गाडी बघण्याआधी आपलं घर बघावं. गाडी रात्री उभी कुठे राहते, तिथून मीटर किती लांब आहे, मंजूर भार किती आहे, अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलंय की प्लगला नुसतं तिसरं भोक आहे, एवढं कळलं की निम्मा निर्णय झाला. हे जुळत नसेल तर गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये, या मतापर्यंत मी आले आहे. पुणे आणि सातारा भागात अशा गाड्या घेणारे, विकणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांच्यासाठी घरोघर वायर ओढणारे यांच्याशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. गाडीपायी पस्तावलेले थोडे भेटले, घरच्या प्लगपायी वैतागलेले बरेच.

स्वस्तात मिळते हे मात्र खरं. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत १३.९९ लाखांपासून सुरू होत होती. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या गाड्या आज मूळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास मागितल्या जातात. एवढी घसरण पेट्रोलच्या गाडीची होत नाही. नव्या गाड्याच स्वस्त झाल्या, हे त्याचं एक कारण. लिथियमच्या सेलचे भाव उतरले, कंपन्यांमध्ये चुरस लागली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी केली; त्याच वर्षी सणासुदीला सवलत ३ लाखांपर्यंत गेली. नवीच एवढी उतरल्यावर जुनीला वरचा भाव कोण देणार? शिवाय पहिल्या नेक्सॉनची बॅटरी ३०.२ युनिटांची, २०२२ च्या मे महिन्यात आलेल्या नेक्सॉन मॅक्सची ४०.५ युनिटांची. लांब पल्ल्याची गाडी आल्यावर आखूड पल्ल्याची मागे पडली.

पण भाव पाडणारं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे भीती. साताऱ्याच्या शाहूपुरीतल्या एका घरात ती मला मुळापासून ऐकायला मिळाली. सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, रोज कोरेगावच्या बाजूला जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. नवऱ्याचं औषधांचं दुकान. गाडीचा विषय निघाला तसे सासरे म्हणाले, "अगं, आपल्या इन्व्हर्टरची बॅटरी चार वर्षांत बसली. गाडीची बसली तर काय, गाडी दारात शोभेला ठेवायची?"

सासरे चुकीचं काही बोलत नव्हते. आपल्याकडे बॅटरी म्हणजे इन्व्हर्टरची, शिशाची, पाणी घालायची आणि तीन-चार वर्षांत भंगारात द्यायची, असाच घरोघरचा अनुभव. आपल्याकडची सुरुवातीची इलेक्ट्रिक मोटार, २००१ मध्ये बंगळुरूत आलेली रेवा, हीसुद्धा शिशाच्याच आठ बॅटऱ्यांवर चालायची आणि जुनी रेवा घेणाऱ्याला त्या बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा लागे. लिथियमच्या बॅटरीचं गणित वेगळं आहे. नेक्सॉन, टियागो यांच्यात लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीचे सेल आहेत. पूर्ण भरून पूर्ण रिकामे करण्याचे दीड हजार फेरे या सेलना जड जात नाहीत. पहिल्या नेक्सॉननं एका भरण्यात रस्त्यावर दोनशे किलोमीटर दिले असं धरा (कागदावर ३१२ होते, ते विसरा), तर दीड हजार फेरे म्हणजे तीन लाख किलोमीटर. शिक्षिकाबाईंच्या हिशेबानं वीस वर्षांहून जास्त. अर्थात सेल नुसते फेऱ्यांनी थकत नाहीत. वयानं थकतात, उन्हानं थकतात. म्हणून कंपनीच्या हमीला महत्त्व येतं. नेक्सॉनच्या बॅटरीची आणि मोटरची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. गाडी २०२१ च्या अखेरीची असेल तर २०२९ च्या अखेरपर्यंत बॅटरीची चिंता कंपनीच्या डोक्यावर. जुनी गाडी घेताना तिचं वय मोजण्यापेक्षा हमीची उरलेली वर्षं मोजावीत, आणि ती हमी नव्या मालकाच्या नावावर चढते का, ते कंपनीकडून लेखी घ्यावं. हल्ली काही मॉडेलांवर आयुष्यभराच्या हमीची जाहिरात असते. ती पहिल्या मालकापुरती असते, दुसऱ्याला कमी मिळतं.

शिक्षिकाबाईंनी पुण्यात २०२१ ची एक नेक्सॉन हेरली होती. पन्नास हजारांच्या आत चाललेली, एकाच मालकाची. ती बघायला त्या निघाल्या तेव्हा मीही बरोबर गेले. विकणारा गाडी पुसून, सीटवर नवी कव्हरं घालून उभा. बाईंनी कव्हरांकडे बघितलंही नाही. त्यांच्या अटी आधीच ठरलेल्या: गाडी शंभर टक्के चार्ज करून ठेवायची, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यायची आणि रॅम्पवर चढवायची. कबूल नसेल तर राम राम.

शंभर टक्क्यांची अट फार शहाणपणाची होती. या जातीच्या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे आत खरी किती वीज उरली आहे याचा अंदाज गाडीच्या संगणकाला नीट येत नाही. अधूनमधून गाडी पूर्ण भरली तरच त्याचा हिशेब जुळतो. ज्या मालकानं कायम अर्धवट चार्जिंग केलं, त्याची गाडी वीस टक्के दाखवता दाखवता एकदम खाली येऊ शकते. पूर्ण भरताना आणखी एक गोष्ट होते, सेल एकमेकांशी जुळवून घेतात. वर्कशॉपमधल्या मुलानं लॅपटॉप जोडून दोन आकडे काढून दिले. एक बॅटरीच्या तब्येतीचा, टक्क्यांत. दुसरा सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या सेलमधल्या फरकाचा. पहिला आकडा सगळे विचारतात. दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्यावं, असं तो मुलगा म्हणाला. एक सेल मागे पडला की बाकीचे कितीही धट्टेकट्टे असले तरी गाडी त्या एकाच्या तंत्रानं चालते. (ह्युंदाईची कोना, एमजीची सुरुवातीची झेडएस यांत सेलची जात दुसरी; त्यांना रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवलेलं बरं.)

मग रॅम्प. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते आणि आपल्याकडचे गतिरोधक कसे आहेत ते सांगायला नको. टॉर्च लावून पोट बघितलं. एके ठिकाणी लांब ओरखडा होता. "ओरखडा आहे, पोचा नाही," मुलगा म्हणाला. पोचा असता तर बाई तिथूनच परतणार होत्या, कारण बाहेरून मार बसलेल्या बॅटरीची हमी कंपनी नाकारू शकते. बॉनेटखालच्या नारिंगी जाड केबल बघितल्या. नारिंगी म्हणजे उच्च दाबाच्या. त्यांच्या टोकाशी गंज किंवा चिखलाची वाळलेली रेघ असेल तर गाडी पुराच्या पाण्यात उभी होती असं समजावं. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. त्या पाण्यातून निघालेल्या गाड्या पुढे कुठल्या तरी गावात विकल्या गेल्याच. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशी बांधलेली असते. पूर अर्ध्या तासात ओसरत नाही. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागायला संकोच करू नये.

शेवटी रस्ता. कात्रजचा बोगदा ओलांडून खेड शिवापूरपर्यंत आणि परत, एसी लावून, चार माणसं बसवून. पन्नासेक किलोमीटरला चोवीस टक्के उतरले. म्हणजे पूर्ण भरल्यावर दोनशेच्या आसपास. बाईंनी मान डोलावली. येताना वाटेतल्या चार्जरवर दहा मिनिटं जलद चार्जिंगही करून घेतलं, कारण साधं चार्जिंग होतं पण जलद होत नाही अशा गाड्या असतात आणि ते खरेदीनंतरच कळतं.

बाजारात आणखी दोन प्रकारच्या गाड्या भेटतात, त्यांच्याबद्दल सावध करतो तो वर्कशॉपचाच माणूस. एक, भाड्यानं चालवलेल्या. खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, टॅक्सीच्या हिरव्या पाटीवर पिवळी. नोंदणी बदलून अक्षरं पांढरी करता येतात, म्हणून आरसीचा मागचा इतिहास बघावा. दिल्ली आणि बंगळुरूत पसरलेल्या ब्लूस्मार्टची टॅक्सीसेवा एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली, तेव्हा हजारो गाड्या एका झटक्यात बसून राहिल्या. अशा ताफ्यांतल्या गाड्या आज ना उद्या बाजारात येतात. त्या वाईटच असतात असं नाही, पण रोज जलद चार्जरवर वाढलेल्या असतात आणि भाव त्या मानानं पडायला हवा. दुसरा प्रकार फार जुन्या गाड्यांचा. महिंद्राची ई-व्हेरिटो किंवा ताफ्यांसाठीची सुरुवातीची टिगोर यांचं जलद चार्जिंगचं तोंड आजच्या सर्रास मिळणाऱ्या चार्जरपेक्षा वेगळं आहे. घर ते ऑफिस एवढ्यासाठी चालतील, महामार्गावर खोळंबतील.

कागदपत्रांत नवं फारसं नाही. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची ना-हरकत, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर. दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहाराला जीएसटी लागत नाही; व्यापाऱ्याकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के, हा डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेचा निर्णय, आणि तो भावात मिसळलेला असतो. एक नवा प्रश्न मात्र विचारायलाच हवा: बॅटरी मालकाची आहे की भाड्याची? सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीनं विंडसर गाडीबरोबर बॅटरी भाड्यानं देण्याची पद्धत आणली. अशी गाडी जुन्या बाजारात आली तर गाडीबरोबर दर किलोमीटरचं भाडंही आपल्या गळ्यात येतं. आणि निघण्याआधी डिकीत चार्जिंगची केबल आहे ना, ते बघा. विकणारे 'विसरतात', आणि नवी घ्यायला हजारो रुपये मोजावे लागतात.

गाडी साताऱ्याला आली. खंबाटकी चढताना टक्के भराभर उतरले, पलीकडे उतरताना थोडे परत आले. आता भिंतीचं काम.

वायरमन साठीचे, शाहूपुरीतली निम्मी घरं त्यांच्या हातची. त्यांनी पोर्चमधल्या प्लगकडे बोट दाखवलं. "मॅडम, ह्याच्यावर लावणार होता?"

"पंधरा अँपियरचा आहे ना काका? गीझरसाठीच काढून घेतलेला."

"गीझर वीस मिनिटं ओढतो. ही बया रात्रभर ओढणार."

सगळा मुद्दा या एका वाक्यात आला. जुन्या नेक्सॉनला साध्या प्लगवरून जवळजवळ रिकामी ते जवळजवळ भरलेली व्हायला साडेआठ-नऊ तास लागतात. तेवढा वेळ पंधरा अँपियरच्या आसपासचा प्रवाह सलग वाहतो. सॉकेटची पट्टी जरा सैल असली तरी ती तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नावच काढू नये. काकांनी मीटरपासून थेट वेगळी लाइन टाकली: ४ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी, त्याच्याबरोबर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, जाड पितळी पट्ट्यांचं सॉकेट आणि पाऊस लागणार नाही अशी झाकणाची पेटी. आरसीसीबीवर त्यांनी घासाघीस करू दिली नाही. वीज भलत्या वाटेनं, म्हणजे एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तर क्षणार्धात लाइन तोडणारी ती वस्तू आहे.

मग अर्थिंग. काकांनी जुन्या पद्धतीनं शंभरचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये धरला. बल्ब मिणमिणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तेव्हा लख्ख. म्हणजे जमिनीकडचा रस्ता जवळजवळ बंद. घरामागे धुणं धुवायच्या दगडाशेजारी घर बांधतानाचा अर्थिंगचा खड्डा होता. खणल्यावर लोखंडी पाइप निघाला, वरची तार गंजून तुटलेली. त्या घरात कित्येक वर्षं फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन सगळं अर्थिंगशिवाय चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. गाडी आली म्हणून कळलं, कारण गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो.

इथेच एक भयंकर गोष्ट चालते, आणि ती मी एकापेक्षा जास्त वायरमनकडून ऐकली. लाल दिवा दिसला की काही जण सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक तारेचा तुकडा जोडून देतात. चार्जर फसतो, दिवा हिरवा होतो, मालक खूश. पण पावसात कुठे तरी न्यूट्रल तुटला, तर त्याच तुकड्यातून गाडीच्या सगळ्या पत्र्यात वीज उतरते. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्या पोराचं काय होईल, ते लिहायची गरज नाही. पैसे वाचवायचे तर सीट कव्हरात वाचवा. अर्थिंगचा खड्डा नवा खणा, कोळसा-मीठ भरा किंवा तयार पावडर भरा, उन्हाळ्यात त्याला पाणी घाला, आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मीटर लावून आपल्या डोळ्यांनी बघा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा.

कुणी तरी बाईंना भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर सुचवला होता. काकांनी आणि वर्कशॉपच्या मुलानं दोघांनीही नको म्हटलं. त्या जुन्या नेक्सॉनच्या आत बसवलेला चार्जर ३.३ किलोवॅटचाच आहे; भिंतीवर केवढाही डबा लावला तरी ती त्याहून वेगानं वीज घेत नाही. रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला अडीच तास पुरतात. घराचा मंजूर भार मात्र वाढवून घ्यावा लागला. जुन्या घरांचा भार एक-दोन किलोवॅटच असतो. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करणं हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

आता बिल. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवरच्या एका युनिटाला सहा-साडेसहा किलोमीटर धरावेत. महिन्याला बाराशे किलोमीटर म्हणजे १९० युनिटं. अडचण अशी की महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. ज्या घरात आधीच दीडशे युनिटं जळतात, तिथे गाडी आली की वरचे काही युनिट महागड्या टप्प्यात जातात. सरासरी बारा रुपये धरले तरी २,३०० रुपयांच्या आत महिना. पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा देत असेल तर याच बाराशे किलोमीटरला ८० लिटर, म्हणजे आठ हजारांच्या वर. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर युनिटाला वीसच्या आसपास किंवा त्याहून चढा पडतो, त्यामुळे फक्त बाहेर चार्जिंग करणाऱ्याची बचत निदान पाव हिश्शानं गळते, आणि वेळ जातो तो वेगळाच. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं. त्याच्या दराला टप्पे नसतात, पण त्याचा स्थिर आकार वेगळा लागतो. ज्यांचं घरगुती बिल आधीच मोठं आहे त्यांनी हिशेब करून बघावा. बाईंच्या डोक्यात आता छतावरचं सौरऊर्जेचं गणित घोळतंय. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं आणि तेवढं छत दिवसाला बाराएक युनिटं देतं.

हे सगळं स्वतःच्या अंगणात. सोसायटीत गेलं की वीज बाजूला राहते आणि मीटिंग सुरू होते. कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत एका तरुण सभासदानं जुनी टियागो ईव्ही घेण्याआधी कमिटीकडे अर्ज दिला. गाडीआधी अर्ज, हे त्यानं फार चांगलं केलं. आक्षेप नेहमीचे: आग लागली तर? सोसायटीची वीज का? उद्या सगळेच मागतील, मग? एका काकांनी जून २०२२ मध्ये वसईत पेटलेल्या नेक्सॉनची चित्रफीतच मोबाइलवर सगळ्यांना दाखवली. 'काही होत नाही हो' हे अशा भीतीवरचं उत्तर नाही. त्यानं वायरमनचा आराखडा पुढे ठेवला, आरसीसीबी, अर्थिंग, केबलची जाडी सगळं लिहून. सोसायटीच्या विजेचा प्रश्न नव्हताच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे, आणि महानगरांत ती तीन दिवसांत द्यायची आहे. राज्याच्या सहकार आयुक्तांनीही सोसायट्यांना सात दिवसांत ना-हरकत देण्यास बजावलं आहे. कागद त्याच्या बाजूनं होता, तरी त्यानं कागद आपटला नाही. आपल्याकडे सोसायटीत राहायचं तर कायद्यानं जिंकून भागत नाही.

तिसरा आक्षेप, उद्या सगळेच मागतील, हाच खरा होता आणि त्यावरच सभा रंगली. २०२१ च्या राज्य धोरणानं नव्या इमारतींत २० टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार ठेवायला सांगितलं. जुन्या इमारतींना कुणी विचारलेलं नाही. मीटर रूम दोन माणसं उभी राहतील एवढी, पार्किंगच्या जागा चिठ्ठ्यांवर ठरलेल्या. शेवटी निवृत्त इंजिनिअर असलेल्या सेक्रेटरींनी तोडगा काढला. पहिल्या अर्जदारानं स्वतःच्या खर्चानं मीटर आणि केबल घ्यायची, पण मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत भिंतीला लागून जाणारा केबलचा ट्रे सोसायटीनं टाकायचा, आणि तो आठ केबल मावतील एवढा रुंद. ठराव झाला, दोन मतं विरोधात. चित्रफीत दाखवणाऱ्या काकांनी विरोधात मत दिलं आणि सभा संपल्यावर त्या तरुणाला थांबवून विचारलं, की जुनी टियागो साधारण कितीला मिळते.